टकटकमावशींची काळी खिडकी

...नाही, मला एक सांगा, आभार मानून घ्यायचेच नाहीत ही कुठली पद्धत झाली? माणूस शब्द जुळवून जातो, घसा खाकरतो, आणि समोरची बाई मान वर न करता म्हणते, ‘‘ते मी कुठे केलं? ते आतच होतं.’’ झालं! आता पुढे काय बोलणार? तुम्हाला सांगतो, नऊ महिने मी ते आभार तोंडात धरून फिरलो, गोळी विरघळत नाही तसे!

तर ही बाई म्हणजे आमच्या ऑफिसातली सगळ्यांत ज्येष्ठ प्रोग्रामर. समोर मॅडम आणि पाठीमागे टकटकमावशी, कारण दिवसभर कीबोर्डवर टकटक टकटक, माउसला म्हणून हात लावायच्या नाहीत. तो माउस इतका बिनकामाचा की त्याला त्या चष्म्याची दोरी गुंडाळून ठेवायच्या. आणि पडद्यावर काय, तर काळी खिडकी आणि त्यात पांढरी अक्षरं. टर्मिनल म्हणतात त्याला. चित्र नाही, बटण नाही... हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं आणि यंत्रानं मुकाट्यानं कामाला लागायचं. आता मी सत्तेचाळीस वर्षांचा, वीस वर्षं याच लाइनीत, माझ्या पडद्यावर रंगीबेरंगी बटणं, एकेका बटणाला उपबटणं, आणि मी सहा वर्षं त्या खिडकीला हसलो. एकदा तर जेवताना सगळ्यांदेखत म्हणालो, मॅडम, त्या खिडकीला पडदे शिवून घ्या. त्या म्हणाल्या, बघते. आणि डबा बंद करून टकटक करायला गेल्या.

मग तो शुक्रवार आला. आमची कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी प्रोग्रॅम बनवते, म्हणजे कोणता पेशंट कोणत्या वाराला, किती वाजता, कोणत्या मशीनवर, ही यादी. आदल्या संध्याकाळी आम्ही प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाठवली होती, आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाला केंद्रातल्या मुख्य सिस्टरांचा फोन. या सिस्टर कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाल्या, ‘‘सर, आमचे एक शिंपीकाका उद्याची वेळ विचारायला आलेत आणि उद्याच्या यादीत त्यांचं नावच नाही. गेली तीन वर्षं दर शनिवारी येतात. अजून कोण कोण गळलंय ते मला दुपारच्या आत हवंय, कारण रिकाम्या दिसणाऱ्या वेळा आम्ही दुसऱ्यांना द्यायला लागलोय.’’

अहो, ज्याचं रक्त मशीन साफ करतं, त्या माणसाला ‘उद्या या’ म्हणून चालत नाही. मी बसलो शोधायला. म्हणजे काय केलं? माउस घेतला आणि एक फाइल उघडली, बघितली, बंद केली, दुसरी उघडली, बघितली, बंद केली... एकूण फाइली अकराशे. आणि दोन महिन्यांत आम्ही सगळ्यांनी मिळून प्रोग्रॅममध्ये केलेले बदल तीनशे ऐंशी, त्यातला एक बिघडलेला. तासाभरात मी तीन तपासले. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे, दर दोन मिनिटांनी, ‘‘काय? सापडलं? नाही, मी आपला विचारतोय.’’ अहो, नका ना विचारू! मनगट दुखायला लागलं, घाम पुसायला हात मोकळा नाही, आणि तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकवल्याचा आवाज. टकटकमावशी.

मला वाटलं, आता पडद्यांचा हिशेब चुकता होणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, सरकता का जरा. आणि मी सरकलो. माझ्याच यंत्रावर त्यांनी ती काळी खिडकी उघडली, म्हणजे ती माझ्याकडेही होती, वीस वर्षं! मी म्हटलं, मॅडम, आधी तीनशे ऐंशी बदलांपैकी... तर त्या म्हणाल्या, ‘‘आधी माणसं. चूक कुठे पळत नाही.’’

तुम्हाला सांगतो, त्यांनी कालची हजेरीची यादी घेतली, कारण गुरुवारी येतात तेच पेशंट शनिवारी येतात, आणि उद्याची यादी घेतली, दोन्हींची नावं क्रमानं लावली आणि एका हुकुमानं दोन्ही शेजारी शेजारी तपासल्या. एक ओळ. एंटर. पहिलीत आहेत आणि दुसरीत नाहीत अशी अकरा नावं पडद्यावर उभी! मला वाचायला जास्त वेळ लागला. सिस्टरांना फोन केला, एकेक नाव सांगितलं, त्या प्रत्येक नावाला ‘हो’ म्हणायच्या आणि थोडं थांबायच्या, बहुधा तो माणूस डोळ्यांपुढे आणत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, यांतल्या एकाकडेही फोन नाही हो, सगळ्यांच्या घरी माणूस पाठवावा लागेल.

फोन नाही! मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी चूक शोधायला घेतली, आणि ती कशी? तीनशे ऐंशी बदलांच्या बरोबर मधला घेतला. तिथे यादी नीट येते का? येते. म्हणजे चूक पुढच्या अर्ध्यात. त्याचा मध्य. तिथे? नाही येत. मग मागच्या अर्ध्यात. आणि हे त्या स्वतः करत नव्हत्या बरं का, एक हुकूम देऊन त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या, यंत्र आपलं आपण अर्धं, पाव, अर्धपाव करत होतं. नऊ खेपा! नऊ खेपांत तीनशे ऐंशीतला तो एकटा बदल पकडून आणला. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, फोन नंबर नसेल तर यादीत घेऊ नये. आठवणीचा निरोप पाठवायच्या यादीसाठी लिहिलेली ओळ, पण बसवली होती सगळ्यांच्याच यादीत. आणि खाली, ज्यानं ती लिहिली त्याचं नाव. माझं.

साहेब पुढे वाकले, आणि मावशींनी नेमका त्याच जागी पडद्यावर तळहात ठेवला, धूळ पुसल्यासारखा. म्हणाल्या, ‘‘सापडलं. एका ओळीचं काम आहे, हे करताहेत.’’ हे म्हणजे मी. मी ती ओळ काढून योग्य जागी नेऊन ठेवली. पाऊण वाजता यादी नीट गेली. संध्याकाळपर्यंत अकराही जणांना निरोप पोचला, आणि शनिवारी अकराही जण आले. शिंपीकाका अर्धा तास आधीच येऊन बसले होते म्हणे, आता यंत्रावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

दुपारी माझ्यानं राहवेना. साहेबांना जाऊन सांगितलं की ती ओळ माझी होती. ते म्हणाले, माहीत आहे, दुरुस्ती झाल्याचा मेल यंत्रानं सगळ्यांना पाठवलाय, नावासकट. मग मावशींकडे गेलो आभार मानायला. तर काय? ‘‘ते मी कुठे केलं? ते आतच होतं.’’

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने होते, आणि ते तीनही महिने मी रोज खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी. पहिल्याच दिवशी माझी लाज निघाली. कालचा हुकूम परत हवा म्हणून मी वरच्या बाणाचं बटण दाबतोय, दाबतोय, चाळीसदा दाबतोय, आणि त्या शांतपणे बघताहेत. मग म्हणाल्या, कंट्रोल दाबून आर दाबा आणि आठवतात ती दोन अक्षरं लिहा. गेल्या महिन्यातला हुकूम हजर! अकराशे फाइलींत एक शब्द शोधायचा तर एक ओळ. तीनशे फाइलींची नावं बदलायची तर एक ओळ. हे काम मी गेल्या वर्षी दोन रविवार बसून केलं होतं हो, मुलीचं स्नेहसंमेलन बुडवून! मी विचारलं, हे कधीपासून आहे? म्हणाल्या, तुमची मुंज... म्हणजे तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून. आणि नवीन काही फार नाही. सगळं आतच होतं.

मी सहाला घरी पोचायला लागलो. पहिल्या दिवशी बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, ‘‘काढून टाकलं का?’’ आठवडाभर ती माझ्याशी जपून बोलत होती. मग एक दिवस मुलगी म्हणाली, बाबा, तू हल्ली असतोस. एवढंच. आता याचे आभार कुणाचे मानायचे, सांगा!

निरोप समारंभाला मी दोन पानांचं भाषण लिहून नेलं. मावशी कानाशी येऊन म्हणाल्या, पहिल्या दहा ओळी वाचा, बाकीच्याची गरज नसते. दहावी ओळ ‘प्रिय मावशी’ पर्यंतच पोचत होती. जाताना त्यांनी मला एक फाइल दिली, त्यांच्या लघुरूपांची. लांबलचक हुकुमांना त्यांनी तीन-तीन अक्षरी टोपणनावं ठेवली होती, दोनशेच्या वर, एकेकासमोर एक ओळ खुलासा. मी ती माझ्या यंत्रात बसवली आणि राजा झालो. तीन अक्षरं, एंटर. तीन अक्षरं, एंटर.

आणि परवा त्याच केंद्रावर जावं लागलं, त्यांच्या यंत्रावर काहीतरी बघायला. सिस्टर शेजारी उभ्या, दोन डॉक्टर मागे. मी ऐटीत काळी खिडकी उघडली, तीन अक्षरं, एंटर... आणि यंत्र म्हणालं, असा कुठला हुकूम मला माहीत नाही. बरोबरच आहे, फाइल माझ्या ऑफिसात! आणि मूळ हुकूम? सहा महिन्यांत मी एकही लिहिला नव्हता. सिस्टर नुसत्या घड्याळाकडे बघत होत्या.

बाहेर जाऊन मावशींना फोन लावला. त्या पोहायला शिकताहेत हल्ली, तलावाच्या काठावर होत्या, मागून कुणीतरी ‘पाय मारा, पाय मारा’ ओरडत होतं. तशा ओल्या अंगानं त्यांनी सगळे हुकूम तोंडपाठ सांगितले, कुठे मोकळी जागा, कुठे आडवी रेघ, सगळं. मी लिहून घेतलं. आणि म्हटलं, मावशी, आभारी आहे. त्या म्हणाल्या, ते मी कुठे केलं, ते आत...

मी म्हटलं, ‘‘आत नव्हतं, मावशी. या वेळी तुमच्या डोक्यात होतं.’’

‘आले, आले,’ असं त्यांनी मागच्या माणसाला ओरडून सांगितलं. मग म्हणाल्या, ‘‘बरं. मग घेते.’’

घेतले हो! नऊ महिन्यांनी घेतले. मी तिथे कॉरिडॉरमध्ये, रक्ततपासणीच्या कागदाच्या पाठीवर आठ हुकूम लिहून घेतलेला, डोळे पुसत उभा. शाळेत कधी कॉपी केली नाही, कॉलेजात केली नाही... आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, तुम्हाला सांगतो, खिशात चिठ्ठी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही!