ब्रँड्रेथची एकोणतिसावी फेरी

— नाही, त्या खुर्चीत नका बसू मॉरीनबाई, तिचा पाय डगमगतो. इकडे बसा, हीटरजवळ. हं. तर तुमचं म्हणणं, सिरिल, तुमचे वडील, हॉस्पिटलात पडल्या पडल्या सारखं एकच विचारतात, माझं काय राहिलं, माझं काय राहिलं — आणि नर्सबायांना वाटतं लढाईतलं काहीतरी असेल. तसं ते लढाईतलंच आहे म्हणा. पण तुम्ही आणलेल्या या क्लबच्या वहीत शेवटची तारीख पडलीय एक्क्याण्णवची, म्हणून तुम्ही थेट माझ्याकडे आलात. हुशार आहात. वडिलांवर गेलात. चहा घेणार? नको? मी घेतो, माझा घसा सुकलाय.

क्लबचं तुम्हाला कितपत ठाऊक आहे? दर शनिवारी दुपारी, चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये, आम्ही आठजण आणि आमचे अमीगा कॉम्प्युटर — बायका म्हणायच्या, वेडे आहेत झालं. एकच गेम, सन चाळीसची लढाई, लढाऊ विमानं. ज्याच्या त्याच्या डिस्कवर ज्याचा त्याचा वैमानिक, नाव आपण द्यायचं. तीस फेऱ्या करून जिवंत राहिला तर नाव फळ्यावर. मेला तर मेला, पुन्हा उठायचं नाही. हा नियम कुणाचा? माझाच, सेक्रेटरी मी ना! लोक काय करतात, डिस्कची एक प्रत काढून ठेवतात, वैमानिक मेला की जुनी प्रत घालतात, की स्वारी पुन्हा ठणठणीत. असला चोरटेपणा आपल्याकडे नको, म्हणून प्रत काढायला बंदी, आणि आठवडाभर सगळ्यांच्या डिस्क माझ्या घरी, त्या तिथल्या कपाटात, कुलुपात. विश्वास होता ना सगळ्यांचा माझ्यावर.

तुमच्या वडिलांनी सत्तरी ओलांडलेली. विमान उडवायला यथातथाच, खरं सांगतो. त्यांच्या वैमानिकाचं नाव सार्जंट ॲलेक ब्रँड्रेथ. ब्रँड्रेथबद्दल घरी बोलले असतीलच — नाही? कधीच नाही? बघा म्हणजे. अहो, तो खराखुरा होता. सिरिल लढाईत मेकॅनिक, आणि त्याचं विमान यांच्या हवाली. रोज सकाळी इंजिन, तेल, ऑक्सिजन, सगळं तपासायचं आणि कागदावर सही करायची, विमान ठीक आहे म्हणून. ती सही पडल्याशिवाय वैमानिक चढायचा नाही. एका सकाळी सिरिलनी सही केली, पोराला पट्टे आवळून बसवलं, आणि तो आलाच नाही परत. काय झालं कुणालाच कळलं नाही, कुणी सिरिलना बोल लावला नाही. पण हे मनातल्या मनात पन्नास वर्षं तेच उगाळत बसले — एखादा नट ढिला राहिला का, एखादं झाकण लावायचं राहिलं का. म्हणून ही वही. गेममधल्या प्रत्येक फेरीआधी रकाने आखायचे, पेट्रोल, तेल, ऑक्सिजन, बंदुका, प्रत्येकापुढे खूण, खाली सही, मगच जॉयस्टिकच्या दांड्याला हात. आम्ही हसायचो हो. सगळ्यांत जास्त मी.

आता ते — ते सांगतो. डिस्कच्या कोपऱ्यात एक बारकीशी खिटी असते. ती सरकवली की डिस्कवर काही लिहिलं जात नाही. मग खुशाल खेळा, मरा, डिस्कला पत्ता नाही. दुसऱ्याची डिस्क हातात घेतली की पहिली ती खिटी सरकवायची, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. मी नाही सरकवली. तुम्ही म्हणाल, मुळात हात कशाला लावलात? बुधवारची दुपार होती, बाई. मी स्वतःलाच सांगितलं, डिस्क नीट चालते का बघू. खोटं, साफ खोटं. माझे सहा वैमानिक मेले होते, आणि सिरिलचा ब्रँड्रेथ अठ्ठावीस फेऱ्या करून जिवंत! शत्रू दिसला की ढगात शिरायचं आणि घर गाठायचं — ही काय लढाई? मला मत्सर वाटला. एका म्हाताऱ्या माणसाचा मत्सर, बोला. म्हटलं, बघू तरी हा एकदा धड लढतो का. नेला आणि घातला बॉम्बर विमानांच्या घोळक्यात. चार मिनिटांत समुद्रात. डिस्क घरघरत ते मरण लिहून घ्यायला लागली, आणि मग मला खिटी आठवली. प्रत नव्हती. माझाच नियम.

शनिवारी सिरिल आले, कोट काढला, वहीत रकाने आखले, खुणा केल्या, सही केली. डिस्क घातली. पडद्यावर आलं, ब्रँड्रेथ — बेपत्ता. त्यांनी वहीतल्या एकेका खुणेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "नॉर्मन, माझं काय राहिलं?"

एका वाक्याचं काम होतं, मॉरीनबाई. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. आणि मी म्हणालो — सात माणसांसमोर म्हणालो — "सिरिल, गेल्या खेपेला उतरल्यावर विमानाची चाकं पूर्ण थांबायच्या आत तुम्ही मशीन बंद केलंत. गेम मग बेपत्ताच धरतो." असलं काही नसतं हो. मी बसल्या जागी रचलं. त्यांनी मान डोलावली. तसंच झालं असेल म्हणाले. माझीच माफी मागितली, उगाच तुम्हाला त्रास म्हणून. चहाचा कप विसळून ठेवला आणि गेले, ते परत आले नाहीत. मीही गेलो नाही विचारायला. पन्नास वर्षं त्यांना निदान शंका तरी होती ना — मी खात्री करून दिली. लाज वाटते मला. इथे तुमच्यासमोर बसायची लाज वाटते.

उठलात? बरोबर आहे. त्यांना सांगा, डिस्क खराब होती. डिस्क होतात खराब, पटेल त्यांना. — काय? मी? मी येऊन सांगू? येतो ना, शनिवारी येतो, शनिवारी मला — शनिवारपर्यंत नाही? डॉक्टर म्हणाले असं? गाडी खालीच आहे... हो, दिसली मला. एक विचारू? शुद्धीवर असतात का? म्हणजे माणूस ओळखतात?

ओळखतात.

मग नाही हो. मग तर नाहीच. माझ्याकडे असं नका बघू. तुम्ही निघा, चारनंतर त्या पुलावर गाड्या तुंबतात. निघा म्हणतो ना.