एका दिव्यापुरती बॅटरी

…नाही, पण मी म्हणतो, एक दिवा लावायला एवढा उपद्व्याप? मला काय कारखाना चालवायचा होता? गाडीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची खोली घेतली आम्ही, जुनीच, आत पलंग, ओटा, सगळं बेताचं, आणि हौस एवढीच की जिथे वायर नाही, खांब नाही, शेजारी नाही अशा जागी दोघांनी जाऊन बसावं. मुलं आपापल्या मार्गाला लागली, आता तरी बायकोशी निवांत बोलू म्हटलं. तर तिची अट. "येते, पण अंधारात बसणार नाही. एकदा जरी दिवा गेला ना, तर परत माझ्यापुढे नाव काढायचं नाही." आता तुम्हीच सांगा, मला काय हवं होतं? एक दिवा हो. एक!

गेलो दुकानात. दुकानदार माझ्याकडे असा बघतो, जसा डॉक्टर वाईट रिपोर्टकडे बघतो. "लोड किती?" म्हटलं, एक दिवा. "तो झाला हो, बाकीचं?" बाकीचं काही नाही, म्हणेपर्यंत मागून बायको, "अहो, मिक्सरचं विचारा की." मिक्सर! जंगलात! तिथे काय पाहुणे येणार होते जेवायला?

मग त्याने लिथियमची बॅटरी काढली. हलकी, देखणी. "फक्त कडाक्याच्या थंडीत चार्ज करायची नाही हं, खराब होते." म्हणजे दुलई बॅटरीला आणि कुडकुडायचं मी? बरं, दुसरी दाखव. ती जुन्या पद्धतीची, शिशाची. "ही दणकट. फक्त अर्धीच वापरायची." अर्धीच? "त्याखाली उतरवली की लवकर मरते." अहो, मग उरलेली अर्धी काय शोभेला? तर म्हणतो, "म्हणून तर दोन घ्यायच्या." एका दिव्याला दोन…

इथवरही ठीक होतं, पण आमचे साडू! प्रत्येक घरात असतात ना एक, ज्यांना सगळ्यातलं कळतं आणि ज्यांनी स्वतः कधी बल्बही बदललेला नसतो? ते. "साडूभाऊ, छतावर सोलर लावताय, पण ढग आले तर?" बायको लगेच माझ्याकडे बघते, जसं काही ढग मीच पाठवणार आहे. घ्या आणखी दोन. "आणि ऐन वेळी एखादी बसली तर?" घ्या आणखी. पलंगाखाली बॅटऱ्या, ओट्याखाली बॅटऱ्या, कपड्यांची पिशवी बायकोच्या मांडीवर. आणि मला हवा होता, तुम्हाला सांगतो, एक दिवा!

निघालो. सपाटीवर गाडी गुमान गेली, पण चढ लागला आणि शिसं म्हणजे काय चीज आहे ते कळलं. इंजिन कण्हतंय, मी ब्रेकवर उभा, बायको डोळे मिटून बसलेली. साडूंना फोन लावला तर काय म्हणाले असतील? "वजन नव्हतं का बघितलं तुम्ही?" मी? मी बघायचं होतं?

शेवटी एका ट्रकवाल्याने बांधून, ओढून आम्हाला खाली आणलं आणि पायथ्याच्या पेट्रोल पंपामागे सोडलं. ट्रक येतायत, जातायत, हॉर्न काय, चाकांत हवा काय, आणि वर पाहतो तर खांब, आणि खांबावर पातेल्याएवढा दिवा, उजेड खिडकीतून थेट माझ्या तोंडावर. म्हटलं, संपलं, आता ही जन्मात परत येत नाही. बायकोने बाहेर पाहिलं, पाय लांब केले, उशी मागे घेतली आणि म्हणाली, "अहो, जागा काय छान शोधलीत! केवढा उजेड आहे. आता दरवर्षी इथेच येत जाऊ."

तर जातो आम्ही. दरवर्षी, त्याच पंपामागे. बोलणं? होतं की, दोन ट्रकांच्या मधे जेवढं होईल तेवढं. मग मी तोंडावर रुमाल टाकून पडतो. पलंगाखाली सगळ्या बॅटऱ्या फुल चार्ज… आणि तो माझा दिवा, तो एक दिवा, अजून एकदाही लावलेला नाही.