पायडल कुठवर पोचतं

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. आईच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिली होती.

"आई, परदेशात वापरायला वर्षाची फी घेणारं कार्डच घे. फुकटवालं तिकडे दर खरेदीला कापून घेतं."

"म्हणजे फुकटाचं तेच महागाचं."

"हो. आणि दुकानातलं मशीन विचारेल, पैसे आपल्या चलनात घेऊ की तिथल्या? तिथल्या म्हणायचं."

"परक्यांचं कशाला? आपलं ते आपलं."

"तिथेच फसशील. आपलं म्हटलंस की रुपयाचा भाव दुकानवाले लावणार, तोही चढा."

"बरं बाई, त्यांचं तर त्यांचं. झबली मी शिवून नेतेय, पण ताईच्या बाळाचा पाळणाही माझ्याच पैशांचा हवा. जावयापुढे हात नाही पसरायचा."

"नाही पसरावा लागणार. कार्ड नुसतं टेकवायचं."

"आणि माझे शिलाईचे पैसे तिथे पोचतील? समुद्रापलीकडे?"

"तू हात मागे घ्यायच्या आत."

आई टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"जन्मभर एका जागी बसून पायडल मारलं गं. मला वाटायचं, हे मशीन कुठेच जात नाही."