तांदळातलं नाव

मी मूळची मालवणाकडची, समुद्रापासून आत, बाप माझा दुसऱ्याच्या नारळीच्या बागेत कामाला, आम्ही पाच बहिणी, त्यातली मी तिसरी, आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन विक्रोळीत आले ती आजपर्यंत विक्रोळीतच. सासरे गिरणीत होते, आमचे हे कंपनीत, ते गेल्यावर मी त्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं चपात्या लाटल्या. हे कशाला सांगते, तर मी काही घाबरट बाई नाही, चारशे माणसांचं जेवण काढलंय या हातांनी, पण या कागदांनी मला जो वीट आणलाय ना, काय सांगू तुला, अजून ती निळी फाईल कपाटात दिसली तरी तोंड कडू होतं माझं.

माझा एकुलता एक मुलगा, नीलेश, मोठ्या प्रवासी जहाजावर किचनमध्ये असतो, आठ महिने पाण्यावर आणि दोन-तीन महिने घरी. तिथेच त्याला ही भेटली, बाली बेटावरची, तिकडे इंडोनेशियात. हिंदूच आहेत ते लोक, देवाधर्माचं आपल्यापेक्षा जास्त करतात. नाव सांगितलं काडेक. मी फोनवरच म्हटलं, शी, हे कसलं नाव, काडेपेटीसारखं. आता आमच्याकडे काय असतं तुला माहीत आहे, लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. माझंही बदललेलं. मी म्हटलं हिचंही बदलायचं, आणि बदलायचंच आहे तर पत्रिकेवरही तेच छापा, गावचे लोक येणार, काडेक वाचून दात काढतील. काव्या ठेवलं. मीच ठेवलं. तिला कुणी विचारलं नाही, ती आपली हसत होती, आम्हाला वाटलं पोर खूश आहे.

आणि आमचे दीर, बंडूभावोजी, सगळीकडे आपली ओळख आहे म्हणून मिरवणारे, लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म त्यांनी भरला. पासपोर्ट शेजारी पडलेला, पण मेल्याने पत्रिका समोर ठेवून भरला. वधूचं नाव काव्या, लग्नाआधीचं नाव तेही काव्या. तिथल्या बाबूने पासपोर्टातला फोटो बघितला, चेहरा बघितला, दिला शिक्का ठोकून. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. चष्मा घरी राहिला होता असं मी सगळ्यांना सांगते, पण तुला खरं सांगते, चष्मा असता तरी केलीच असती, मला काव्याच बरोबर वाटत होतं.

पंधरा दिवसांत नीलेश जहाजावर गेला. ही राहिली माझ्याकडे, सहा महिन्यांच्या व्हिसावर, आणि तो संपायच्या आत बायको म्हणून राहायची परवानगी काढायची, नाहीतर परत जा आपल्या देशात. त्यात तिला तिसरा महिना लागलेला, दिवसभर उलट्या. मी म्हटलं चल गो, मी येते बरोबर, आपले सगळे कागद आहेत, लग्नाचा दाखला आहे, घाबरायचं काय.

ऑफिस कुठलं ते नको लिहूस. पाच तास बसलो. तिथल्या बाकड्यांना एक वास येतो, घामाचा आणि शिळ्या शाईचा, तो आठवला तरी मला मळमळतं, मग त्या पोरीचं काय झालं असेल. नंबर लागला तर तो साहेब दाखला बघतो, पासपोर्ट बघतो, आणि म्हणतो, लग्न तर काव्याशी झालंय, मग ही बाई कोण. मी म्हटलं अहो, एकच. तो म्हणतो मला कागदावर दोन दिसतात, आधी तुमच्या मुलाची बायको शोधून आणा. मागे लोक हसले. माझ्या सुनेला कळलं नाही काय बोलला, तिने त्याला हात जोडून नमस्कार केला. इतकी घाण वाटली मला, त्या हसणाऱ्यांची.

घरी आले तर इथे वेगळंच. रोज सकाळी ती पानांच्या छोट्या द्रोणात फुलं आणि चार शितं भात घालून उंबऱ्याशी ठेवते, त्यांच्याकडची पूजा ती, तर समोरच्या बाईने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं की करणी करते. सेक्रेटरी वर येऊन विचारतो, परदेशी माणूस घरात ठेवलंय, कळवलंय का कुठे. त्याच सेक्रेटरीने लग्नात तीन वेळा श्रीखंड मागून घेतलं होतं. थू.

मग भावोजींना बोलावलं. पंख्याखाली पाय पसरून बसले आणि म्हणतात, वहिनी, सोप्पं आहे, तिला सांगा तिच्या देशातून पासपोर्टवरचंच नाव काव्या करून घे, आपला दाखला मग बरोबर. मी जी भडकले, म्हटलं लाज वाटत नाही, आईबापाने ठेवलेलं नाव तिचं, तुमचा फॉर्म चुकला म्हणून पुसून टाकायचं होय. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडली. पुसलं कुणी होतं? पत्रिका छापायला कोण बसलं होतं हट्टाला? त्या दिवशी मला भावोजींपेक्षा माझीच शिसारी आली. जेवले नाही मी.

शेवटी नोंदणीच्या ऑफिसातलीच एक बाई नीट बोलली. म्हणाली दाखला दुरुस्त होईल, पण ज्यांनी सही केली त्यांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे मी. व्हिसाचे अकरा दिवस राहिलेले. कोर्टाबाहेर टायपिंगवाला बसतो, त्याने टाइप केलं, काव्या नावाची वेगळी कुणी व्यक्ती अस्तित्वात नाही, सदरचं नाव मी माझ्या मर्जीने ठेवलं. वाचून दाखवलं त्याने, मोठ्याने, चार माणसांसमोर. मग मला विचारतो, मावशी, तुमचं पण दुसरं नाव आहे का, असेल तर ऊर्फ लिहावं लागेल. मी म्हटलं आहे. इंदू. इंदुमती. आणि रडायला आलं गो मला, तिथे फुटपाथवर, कारण सुनंदा झाल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या लग्नातले ते तांदूळ दुसऱ्या दिवशी सासूने सरळ आधणात टाकले होते, मीच वाढला तो भात सगळ्यांना.

परवानगी मिळाली, दोन दिवस राहिले असताना. येताना रिक्षात मी तिला म्हटलं, आजपासून तू काडेकच, माझं चुकलं. तर ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणते, आई, काडेक म्हणजे दुसरी, दुसरं मूल झालं की आमच्याकडे हेच नाव, माझ्या गल्लीत दहा काडेक आहेत. मग मलाच विचारते, तुम्ही कितवी? म्हटलं तिसरी. म्हणाली मग तुम्ही कोमांग. मी म्हटलं बाई माझे आई, आणखी एक नाव नको आता मला, तू आपली इंदू म्हण. तेव्हापासून इंदूआई म्हणते. अख्ख्या विक्रोळीत ती एकटीच.

आता सातवा चालू आहे तिला. ही परवानगी वर्षाची, पुढच्या वर्षी परत तीच फाईल, तेच बाकडं, तोच वास, शिवाय बाळाचे कागद वेगळे. जाईन मी, कोण जाणार दुसरं. बाळाचं नाव तिने ठरवायचं, मी तोंड उघडणार नाही. मुलगी झाली आणि तिच्या लग्नापर्यंत मी जगले, तर ते ताट मी मांडू द्यायची नाही, तांदूळ भाताला असतात. सुखाने बाळंत होवो पोर, एवढंच देवाकडे मागणं. आणि हे लिहिशील तेव्हा वर माझं नाव घालशील ना, ते सुनंदा नको घालू.