घरच्या माणसाचे आभार

—‘जज़ाकल्लाह’ नाही गं पोरी, ‘जज़ाकिल्लाह’. बाईमाणसाला ‘कि’, पुरुषाला ‘क’. राग नाही ना आला? शिवणकाम करणारी मी, मला कसलं व्याकरण — आमच्या ह्यांनी लावलेली खोड ती. मदरशात अरबी शिकवायचे. कुणी नुसतं ‘जज़ाक’ म्हणून सटकलं की दारातून परत बोलवायचे — ‘अरे, अल्लाह तुला चांगलं फळ देवो, एवढी मोठी दुआ, आणि निम्मी गिळतोस?’ हात वर कर, टाचणी टोचेल. कंबरेत आणखी घेऊ? नको, लग्नानंतर बसायची पंचाईत होईल.

मला? छे! दूधवाल्याला म्हणायचे, टपालवाल्याला म्हणायचे, मला कधीच नाही. नवी नवरी होते तेव्हा विचारलं होतं मी एकदा — लाडात गं — तर म्हणाले, ‘उजवा हात डाव्याचे आभार मानतो का? घरच्या माणसाला कसलं आलंय जज़ाकिल्लाह!’ हसले मी. काय करणार? पण लागलं, नाही असं नाही.

मग हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग मुलाचं नाव. आणि एका सकाळी मी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावतेय, तर मान झुकवून म्हणाले, ‘जज़ाकिल्लाहु खैरन.’ स्पष्ट, ‘कि’सकट! मला आभाळ ठेंगणं झालं गं. मुलाला फोन केला, तोही म्हणाला, ‘अम्मी, उशिरा का होईना!’ दुपारी पाणी दिलं, परत तेच. आणि वर विचारतात — ‘बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?’

तेव्हा उजेड पडला डोक्यात. परकी झाले, म्हणून आभार.

आता घासाघासाला म्हणतात. मीही म्हणते, ‘व इय्याक’ — तुम्हालाही मिळो. दिलेली दुआ रिकामी कशी परतवायची? कधीकधी मुद्दाम चहा आपटते समोर. वाटतं, ओरडावं माझ्यावर, पूर्वीसारखं. तर कप उचलतात, आणि किती आदबीनं...

ए, रडू नकोस. रेशमावर डाग उठतो, जात नाही मग. कपडे बदल, बाही उद्या देते लावून.

थांब — हाक मारली वाटतं. हो, आतच असतात. तू मागच्या दारानं जा, नवं माणूस दिसलं की बावरतात. कडी मी लावते.

आले हो. मीच आहे. तुमच्याच घरची.