सुतळीला बांधलेलं पेन

...नाही हो, पेनाचं दुःख नाही, पण अकरा वर्षं! तुम्हाला सांगतो, माझ्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला सुतळीनं बांधलेलं ते पेन, गिऱ्हाइकांनी ओढलं, आपटलं, चावलंसुद्धा, पण उंबरा ओलांडला नाही त्यानं... आणि आता? सांगा, यात माझं काय चुकलं?

आमची मुलगी डॉक्टरेट करत होती. विषय काय, तर एचआयव्ही वाढायला लागला की आपल्याच पेशींतली प्रथिनं त्याला कशी अडवतात. सहा वर्षं राबली, आणि तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली तर सरावातच दातखीळ! तिच्या गाईडबाई म्हणाल्या, "घरी कुणाला तरी विषय समजावून बघ." आमची ही म्हणाली, "बाबांना सांग. त्यांना कळलं तर दगडालाही कळेल." घ्या! सांगा, यात माझं काय चुकलं?

मी खिळे तोलतोय आणि पोरगी काउंटरपाशी, "बाबा, विषाणू पेशीत शिरतो आणि तिथलाच माल वापरून स्वतःच्या प्रती काढतो." म्हटलं, "म्हणजे माझ्याच दुकानात बसून माझ्याच मालावर धंदा!" "हो! पण एक प्रथिन तो कच्चा मालच मोडून टाकतं." "शाब्बास! 'माल संपला' म्हणायचं." "दुसरं प्रतीत इतक्या चुका घुसडतं, की ती कामाचीच राहत नाही." "हा तर तुझा मामा! यादी उतरवायला बसवला, बिजागऱ्यांच्या जागी बादल्या आल्या!" पोरगी हसली, पण तिसऱ्या प्रथिनाला गाडी अडली... "नवे विषाणू बाहेर पडायला निघतात, तेव्हा हे... पेशीच्या पृष्ठभागावर... बाबा, मला नाही जमत!" डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात काय झालं, एका प्लंबरनं माप लिहिलं, सवयीनं पेन खिशात टाकलं आणि निघाला... सुतळी ताणली, गडी दारातच खाटकन थांबला! पोरगी किंचाळली, "बाबा, हेच! हेच ते प्रथिन! विषाणूला दारातच बांधून ठेवतं!" प्लंबर पांढराफटक, "ताई, देवाशप्पथ, चुकून घेतलं हो!"

परीक्षेला पेन, सुतळी, मी आणि आमची ही, चौघंही हजर! काय बोलली हो पोरगी! पेन टेबलाला बांधून परीक्षकांना म्हणाली, "सर, न्या बघू हे!" त्यांनी ओढलं, सगळे हसले. मग म्हणाली, "पण विषाणूही बेरका. ही गाठ सोडवणारं प्रथिन तो स्वतःच तयार करतो," आणि गाठ सोडून दाखवली. पास! मी बाकावर उभा राहून टाळ्या पिटतोय, ही मला खाली ओढतेय, "अहो, बसा, लोक बघताहेत!" बघू देत की!

आणि त्याच गडबडीत परीक्षकांनी समोरचं पेन उचललं, निकालावर सही ठोकली, पेन खिशात घातलं... आणि गेले! "अहो साहेब" एवढं ओठांवर आलं होतं, पण पोरीला डॉक्टर करणाऱ्याला दारात कसं अडवायचं?

आता काउंटरला नुसती सुतळी लोंबते. परवा तोच प्लंबर आला, सुतळीकडे बघून म्हणाला, "शेठ, यावेळी मी नाही हं!" म्हटलं, "माहितेय रे बाबा... शिकलेल्या माणसानं नेलंय, ते काही परत यायचं नाही."