अंड्यांच्या ट्रेमधले व्हॉल्व्ह

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रांग जागची हलत नव्हती. टॅक्सीवाल्याला हवा होता एक बल्ब. पण पुढच्या सासू-जावयाचं बोलणं कानावर पडलं आणि त्याची घाई कुठल्या कुठे पळाली.

"आई, इंजिन उघडलंय, अंड्यांच्या ट्रेला हात लावू नका, असं बजावलं होतं ना मी?"

"काळेकुट्ट झाले होते हो ते व्हॉल्व्ह, जावईबापू! घासूनपुसून लख्ख केले, लहान-मोठे वेगळे लावले, तर तुम्ही डोकं धरून बसलात."

"अहो, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, म्हणून तर ट्रेमध्ये ओळीने लावले होते. आता सगळे पेस्ट लावून, घासून नव्याने बसवायचे."

"घासायचं माझ्यावर सोडा. उभा जन्म भांडी घासलीत."

"बरं. आणि तो मोठा कार्ब्युरेटर घेऊ ना? गाडी नुसती उडेल!"

"आवाज बदलेल?"

"भारदस्त होईल."

"मग नको. ह्यांना आता दिसत नाही. स्वतःची गाडी दारात आली की आवाजावरून ओळखायला नको?"

"...खरंच की. बाबांच्या कानांना जुनाच बरा."

"हॉर्न मात्र नवा घ्या. दुकानातला सगळ्यात मोठा."

"तो कशाला?"

"ह्यांना फिरवायला मी नेणार आहे."

"तुम्ही? गाडी येते तुम्हाला?"

"शिकेन की! दिसत होतं तोवर कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही त्यांनी."